दूरचं उलटं, जवळचं सुलटं

१

दीपगृहाचं भिंग पुसायचं तर भिंगाच्या आत जाऊन बसावं लागतं. हे सांगितलं की लोक हसतात. भिंग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे घड्याळजीच्या डोळ्याला लावलेली ती एवढीशी काच येते, आणि तिच्यात बाई बसणार म्हटल्यावर हसू येणारच. पण दीपगृहाचं भिंग पुरुषभर उंच असतं. काचेच्या वाकड्या पट्ट्या पितळेच्या चौकटीत चिकट लांबीचा लगदा भरून बसवलेल्या, असा तो गोल पिंजराच म्हणा ना. एका बाजूला झडप असते. तिच्यातून वाकून आत शिरायचं, पूर्वी जिथं दिवा जळायचा तिथं स्टूल टाकायचं, आणि स्पिरिटात भिजवलेल्या मऊ फडक्यानं एकेक पट्टी पुसत राहायचं.

ताईचा उभा जन्म यातच गेला. बाहेर तिला सगळे भिंगवाली म्हणत, घरात ती ताई. हात हलका, जीभ तिखट. काचेला जपते तेवढं माणसांना जपत नाही, असं तिच्या माघारी बोललं जायचं. ते काही खरं नव्हतं. जपायची, पण ओरडून जपायची.

हे दीपगृह बंद पडून बराच काळ लोटला होता. पूर्वी वर तेलाचा दिवा असे, आणि मनोऱ्याच्या पोटात साखळीला लोंबणारं वजन हळूहळू खाली उतरताना भिंग फिरवत असे. ते वजन पुन्हा वर ओढायला राखणदार जागत बसायचे. मग शेजारी एक लोखंडी खांब आला, त्यावरचा डबीएवढा दिवा आपला आपण लागू-विझू लागला, आणि जुन्या मनोऱ्याला कुत्रं विचारीना. आता कुठं दीपगृहांच्या खात्याला जाग आली होती. भिंती घासून चुना झाला, जिना दुरुस्त झाला, राहिलं होतं ते वरचं भिंग आणि त्याच्या भोवतीच्या सज्ज्याचा गंजलेला कठडा.

भिंगासाठी बोलावणं आलं तेव्हा ताईनं खात्याच्या इंजिनियरसाहेबांना तोंडावर सांगून टाकलं, "कठड्याचं काम माझ्या धाकट्याला द्या, नाहीतर मी येत नाही."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. धंद्यानं लोहार, एके काळी गप्पांचा फड रंगवणारा. त्याची बायको तापाचं निमित्त होऊन बघता बघता गेली आणि तेव्हापासून हा घुम्यासारखा बसून असायचा. पुढ्यात ताट आलं तर जेवायचा, नाही आलं तर नाही. एका संध्याकाळी ताईला तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या काठावर सापडला, पाय बाहेर सोडून बसलेला. काय करतोयस, तर म्हणे हवा खातोय. ताईनं त्याला कॉलरला धरून खाली आणला, चार शब्द सुनावले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

अशा माणसाला मनोऱ्यावर नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं घरच्यांचं म्हणणं. ताईनं ते उडवून लावलं. "घरी बसवला तर भिंती खातील त्याला. तिथं हाताला काम असेल, आणि दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असेल." रोज काम संपल्यावर धाकटा स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली आला पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. भिंग गेलं खड्ड्यात.

२

डोळ्यांसमोर असेल हे खरं, पण कसा, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

भिंगात शिरून मागच्या पट्ट्यांना पाठ टेकवली की समोरच्या भिंगातून बाहेरचा सज्जा दिसायचा, आणि सगळंच्या सगळं उलटं. समुद्र वर, आभाळ खाली, आणि मध्ये धाकटा, डोकं खाली पाय वर, तारेच्या ब्रशनं कठड्याचा गंज खरवडतोय. भिंगाचा नियमच तो. दूरचं उलटं, जवळचं सुलटं. झडपेतून हात बाहेर काढून फडकं काचेला बाहेरून भिडवलं तर ते सुलटं दिसतं, आणि चांगलं परातीएवढं. त्याच्या पलीकडचं, सज्जा म्हणा, समुद्र म्हणा, सगळं डोक्यावर उभं. यात देवाधर्माचं काही नाही, काचेला बाक असला की असंच व्हायचं.

ताईला हे सोयीचं पडलं. नजर ठेवलेली त्याला कळत नव्हती. हात चालू ठेवून ती मधूनच डोळा वर करायची, तो उलटा धाकटा आहे ना जागेवर, आहे, की पुन्हा फडकं. ऊन असतं तर भिंगाला पडदे घालावे लागले असते, कारण उन्हात असलं भिंग आग लावतं. पण त्या दिवसांत ऊन कसलं ते नव्हतंच. सकाळी जो राखाडी उजेड यायचा तोच दिवसभर ताटकळत राहायचा, आणि मनोऱ्याच्या गोल खोल्यांमधून वारा कुणी बाटलीत फुंकर मारल्यासारखा घुमायचा.

"दिवसभर उलटा लटकलेला असतोस माझ्या भिंगात," डबा खाताना ती धाकट्याला म्हणाली. "वटवाघूळ मेलं."

तो भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत समुद्राकडे बघत राहिला.

३

पहिल्यांदा ती दिसली बांधावर.

किनाऱ्यापासून दीपगृहापर्यंत खडकांवरून एक दगडी बांध येत होता, जायचा-यायचा रस्ता तेवढाच. भिंगात तो वरच्या बाजूला दिसायचा, उलट्या समुद्राला चिकटलेला. त्या बांधावर कुणीतरी होतं. बोटाच्या पेराएवढं. ताईनं एक पट्टी पुसली, दुसरीला हात घातला, आणि तिचा हात थांबला. ते माणूस सुलटं होतं.

आता बघा. बांध उलटा, समुद्र उलटा, आणि त्यातच एक माणूस सुलटं. म्हणजे त्याचं डोकं बांधाला टेकलेलं आणि पाय खाली आभाळात. बाहेर खऱ्या बांधावर हे असं दिसायला तिथं कुणीतरी डोक्यावर उभं राहायला हवं, आणि तेही हात खाली न टेकता, निवांत.

ती झडपेतून बाहेर आली आणि साध्या डोळ्यांनी पाहिलं. बांध रिकामा होता. पुन्हा आत जाऊन बसली, तर भिंगातही काही नाही.

काचेतला बुडबुडा असेल, ती स्वतःशी म्हणाली. जुन्या काचेत असतात. पण भिंगवालीला बुडबुडा आणि बाई यांतला फरक कळत नाही असं म्हणायचं म्हणजे कमालच झाली. कारण ती बाई होती, एवढं तिनं पाहिलं होतं.

काम बघायला इंजिनियरसाहेब आले तेव्हा तिनं आडून आडून विषय काढला. साहेब मोठे गमत्ये होते. "अहो बाई, लोक उलट्या पावलांच्या बाईला घाबरतात," ते म्हणाले. "तुम्हाला सुलटी दिसली तर बिघडलं कुठं?" मग स्वतःच्याच विनोदावर हसून झाल्यावर त्यांनी कारणही सांगितलं. काचेची आतली बाजू सपाट असते. तिच्यात आत बसलेल्या माणसाचं प्रतिबिंब पडतं, आणि प्रतिबिंब सुलटंच असतं. "तुम्हीच दिसलात तुम्हाला."

ताई ओशाळली. एवढी वर्षं भिंगांत घालवून हे आपल्याला सुचू नये. त्या बाईचे केस मागं घट्ट बांधलेले होते, तिच्यासारखेच, आणि अंगावर कामाचा राखी झगा होता, तोही तिच्यासारखाच. मग दुसरं कोण असणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिच्या जिवाला तेवढा उतार पडला.

४

पुढं ती बाई मनोऱ्याच्या पायथ्याशी दिसली. मग दिसलीच नाही, दोन-तीन दिवस. ताई रोज मनाशी म्हणायची, प्रतिबिंब. प्रतिबिंब जवळ का येत असेल, याचं उत्तर ती स्टूल इकडचं तिकडं सरकलं असेल असं द्यायची. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की कारणांना तोटा नसतो.

आणि खरं सांगायचं तर तिला या भानगडीत पडायला सवड नव्हती, कारण धाकटा सुधारत होता. भूक लागली म्हणून आपण होऊन डबा उघडायला लागला. एकदा तर घास तोंडात असताना म्हणाला, "ताई, मी जर उलटा दिसतो, तर माझ्या खिशातलं सगळं आभाळात पडत असेल की." ताईनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला पाणी प्यावं लागलं. इतक्या महिन्यांत त्यानं केलेली ही पहिली थट्टा.

दुपारी सज्ज्यातून त्याचा आवाजही यायला लागला. शब्द कळायचे नाहीत, वारा आणि दोन-दोन काचा मध्ये. पण बोलायचा. मध्येच थांबायचा, मग पुन्हा बोलायचा. स्वतःशी बोलतोय, बोलू दे, ताईला वाटलं. आत कोंडून ठेवण्यापेक्षा बरं.

त्या दुपारी तिनं डोळा वर केला तो धाकट्याकडे. तो उलटा, कठड्याला टेकून बसलेला, हातोडी मांडीवर. आणि त्याच्या शेजारी ती, सुलटी.

ताईनं फडकं धरलेला हात वर केला. काचेतल्या बाईनं केला नाही. ताईनं मान हलवली, डावीकडे, उजवीकडे. ती बाई तशीच. नियमानं सुलटी म्हणजे जवळ, काचेला भिडलेली, या खोलीतली. पण जवळची असती तर परातीएवढी दिसायला हवी होती, आणि ही धाकट्याएवढीच होती, धाकट्यापाशीच होती. दोन्ही एकदम खरं असायला जागा नव्हती. आणि धाकटा हसत, मान वळवून तिच्याशी बोलत होता. त्याची नजर जिथं लागली होती तिथं तिचे पाय होते. तिचं डोकं पार दुसरीकडे, सज्ज्याच्या फरशीला टेकलेलं होतं, आणि ते डोकं सावकाश भिंगाकडे वळायला लागलं.

ताई चेहरा बघायला थांबली नाही. झडपेची कड खांद्याला लागून कातडं सोललं तेही तिला कळलं नाही.

५

सज्ज्याचं दार म्हणजे बुटकं, लोखंडी, आतून कडी असलेलं. ते ढकलून ती बाहेर आली. सज्ज्यात धाकटा एकटाच होता.

"कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशी म्हणजे?" तो म्हणाला. "तुझ्याशीच की."

ताईनं भिंगाकडे बोट दाखवलं. "मी आत होते."

"आत्ता गेलीस ना आत. रोजच जातेस मधून." तो अजून हसतच होता. "पण बरं वाटतं ताई, तू येऊन बसतेस ते. ओरडत नाहीस. माझ्या हिच्याबद्दल मला बोलू देतेस. घरी कुणी हिचं नाव काढू देत नाही."

हे ताईला सुरीसारखं लागलं. नाव काढू न देणारी तीच होती. त्याला त्रास होईल म्हणून. ती काही बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या मागं गेलं. समुद्राच्या बाजूला कठड्याचा एक अख्खा गाळा नव्हताच. खांब होते, आणि मधली जागा मोकळी, खाली थेट खडकांपर्यंत.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणालीस. हा भाग पार गेलाय, काढून टाक, तसाही कुणाला अडवायचं आहे इथं."

ताईनं त्याला दंडाला धरून आत ओढलं, दार लावलं, आणि म्हणाली, "चल. आत्ताच्या आत्ता खाली. काम गेलं चुलीत."

धाकटा जागचा हलला नाही. "असं कसं? गाळा उघडा टाकून? संध्याकाळी साहेब येतात वर. अंधुक उजेडात कुणी पडलं म्हणजे?" आणि मग खाली बघत, "कुणी पडलेलं मला नाही चालायचं, ताई."

आता या वाक्यावर काय म्हणायचं? टाकीच्या काठावर बसलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य यावं म्हणून तर तिनं सगळा खटाटोप केला होता. ती तिथंच वितळली. काढलेला गाळा खांबांना लावून बोल्ट आवळायचे, तासाभराचं काम. आवळ म्हणाली. पण आधी त्याला समोर बसवून, लहानपणी पाढे घोकून घेतले असतील तसं तिनं घोकून घेतलं.

"बाहेर येऊन बसते ती मी नव्हे. कोण ते मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही आणि करूनही घ्यायचं नाही. मी आत आहे. भिंगात. मी काचेवर वाजवीन आणि हाक मारीन. हाक आली की हातातलं टाकून आत यायचं आणि कडी घालायची. बाहेर माझ्यासारखी दिसणारी असली, माझ्या आवाजात बोलली, रडली, शपथा घातल्या, मीच ताई म्हणाली, तरी ऐकायचं नाही. वळून बघायचं नाही. कळलं?"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मग इतके दिवस मी कुणाला सांगत होतो सगळं?"

"म्हण. वळून बघायचं नाही."

"वळून बघायचं नाही," तो म्हणाला.

६

भिंगात बसून तिनं फडक्याला हातही लावला नाही. नुसती बघत राहिली. उलटा धाकटा, उलटा गाळा, पान्याचा आवाज. दुसरं कुणी नाही. वारा वाढत होता आणि उजेड राखेसारखा होत चालला होता. एक बोल्ट आवळून झाला, दुसरा झाला. तिला वाटलं, निभावलं.

मग धाकट्यानं पाना खाली ठेवला. तो उघड्या बाजूला सरकला, कडेशी बसला, आणि त्यानं पाय बाहेर सोडले.

ताईनं काचेवर वाजवलं. हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली, घसा फुटेपर्यंत. दोन काचा आणि तो वारा, त्याला ऐकूच जाईना. तो पुढं झुकला, आणखी झुकला, आणि उलट्या आभाळाकडे त्याचा डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग दिसेनासा झाला.

कुणीही आतच थांबलं नसतं. ताईही थांबली नाही. झडप, दार, सज्जा, आणि तिनं त्याच्या मनगटाला घट्ट धरलं.

धाकट्यानं दचकून वर पाहिलं. त्याच्या दुसऱ्या हातात दुसरा पाना होता. "बोल्ट खालून आवळायचाय," तो म्हणाला, आणि मग त्याला समजलं की आपण कुणाशी बोलतोय. म्हणजे त्याला वाटलं, समजलं. त्याचे डोळे मोठे झाले.

तेवढ्यात आतून काचेवर टकटक झाली.

ताईनंही पाहिलं. बाहेरून भिंगात धड काही दिसत नाही, पट्ट्यापट्ट्यांत तुकडे होतात. पण स्टुलावर कुणीतरी होतं, राखी झगा, हातात फडकं. उलटं दिसायला हवं होतं. सुलटं होतं.

"धाकट्या," आतून हाक आली. काचा असून, वारा असून, ती हाक अगदी स्पष्ट आली, कानाशी मारल्यासारखी. आवाज ताईचा होता. थोडा जास्त मायेचा. "आत ये. आत्ता."

"ती मी नाही," ताई म्हणाली. "अरे मी ताई. तू झुकलास म्हणून धावत आले. मीच सांगितलं ना तुला सगळं."

"तू असंच म्हणशील, असं ताईनं सांगितलंय," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सोड मला."

त्यानं हात हिसकला. त्याच्या पाठीमागं अजून एकाच टोकाला दोन बोल्टांनी धरलेला गाळा होता आणि त्याच्या बाजूला रिकामी जागा. तो पुन्हा हिसकणार, आणखी जोरात, हे ताईला त्याच्या मनगटात कळलं. धरून ठेवलं तर तो तोल जाऊन मागं जाणार. सोडलं तर आत जाणार. विचार करायला तेवढाच वेळ होता, आणि तिनं सोडलं.

तो भिंतीला पाठ घासत, तिच्यावरची नजर न काढता दारापर्यंत गेला. दार लागलं. मग कडी घातल्याचा आवाज आला.

७

ताईनं दारावर लाथा घातल्या. काचेवर मुठी मारल्या. वादळासाठी बनवलेल्या काचा त्या, माणसाच्या मुठीला काय दाद देणार. आत भिंग रिकामं होतं आणि स्टुलावर फडकं नीट घडी करून ठेवलेलं होतं. जिन्यातून दोघांची पावलं खाली जात होती, एक जड, एक हलकं, घाई नसलेलं.

ती सज्ज्याला वळसा घालून पायथ्याच्या दाराच्या बाजूला आली आणि कठड्यावरून वाकली. दोघं बाहेर आली. धाकट्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी. बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून चालत होती, आणि वरून, साध्या डोळ्यांनी बघताना, तिच्यात काहीच वावगं नव्हतं. जरा पाय ओढत चालायची ताईची सवयसुद्धा बरोबर उचलली होती. तिनं त्याची कॉलर सारखी केली. तो काहीतरी बोलला आणि ती ऐकत राहिली, मान कलती करून, सगळं ऐकत राहिली.

बांधाकडे वळायच्या जागी ती वळली नाही. धाकट्याला तशीच पुढं घेऊन गेली, जिथं जुन्या धक्क्याच्या पायऱ्या खडकांतून पाण्यात उतरत होत्या. भरती होती. खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या.

ताईनं हाक मारली. लहानपणी ती त्याला ज्या नावानं बोलवायची आणि जे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, त्या नावानं मारली, सगळा जीव घशात आणून. हाक पोचली. धाकटा पायरीवर थांबला. त्याचे खांदे आवळले गेले, आणि वरून तिला दिसलं की तो रडतोय.

पण ताईनं बजावलं होतं. तो वळला नाही, आणि पुढची पायरी उतरला.